मारवेलचा पट्टा

वाऱ्यानं तोंड फिरवलं तशी रिना गाईचं दावं धरून उठली. मघापर्यंत धूर लांब, मोहाच्या झाडांखाली होता. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून कुणीतरी पालापाचोळा पेटवला असणार. आता आग तडतडत गायरानात शिरली होती, आणि तिथं कमरेएवढं वाळलेलं कुसळी गवत उभं होतं.

रिना आणि तिची सासू रुखमा दोन गाई चारायला आल्या होत्या. रुखमाचा गुडघा आखडलेला. पळणं तिच्यानं होणारच नव्हतं.

"आत्याबाई, उठा! रस्त्याकडे चला!"

"रस्ता दिसून राह्यला का तुले? तू जाय पोरी. गाई सोड अन् जाय."

"तुमाले टाकून? काऊन असं बोलता?"

रस्ता धुरात बुडाला होता. कुठं जावं ते रिनाला सुचेना. तेवढ्यात तांबडी गाय बुजली आणि हातातल्या दाव्यासकट रिनाला ओढत नाल्याकडे निघाली. रिनानं दुसऱ्या हातानं सासूचा दंड धरला. ठेचकाळत, खोकत त्या गाईमागं गेल्या; दुसरी गायही मागोमाग आली.

नाल्याकाठी मारवेल गवताचा पट्टा होता. गोड गवत, गावची सगळी गुरं आधी तिथंच तोंड घालायची. चरून चरून त्यांनी ते पार बुडख्यापर्यंत आणलं होतं. पेटायला वर काही उरलंच नव्हतं.

आग पट्ट्याच्या कडेला येऊन भिडली. चेहरे भाजायला लागले. रिनानं सासूला छातीशी आवळलं आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा पुरुषभर उंचीची ज्वाळ वीतभर झाली होती, जमिनीलगत सरपटत होती. पळसाची फांदी मोडून रिना रडत रडत तिला झोडपत सुटली. आग दोन्ही अंगांनी वळून पुढं गेली.

"गेली का व?" रुखमानं विचारलं.

"गेली. नाई, थांबा. हलू नका."

जीव वाचला, पण भीती घरापर्यंत आली. चूल पेटवायचं काम रिना सासूवर सोडायची. गायरानाचं नाव काढलं की ती गोठ्यात जाऊन उभी राहायची.

काही दिवसांनी रुखमानंच तिला गायरानात नेलं. पट्ट्याच्या जळक्या कडेला मारवेलच्या ठोंबांतून हिरवे कोंब फुटले होते. पावसाचा पत्ता नव्हता, पण मुळं खोल होती. गाई अधाशासारख्या खात होत्या.

"बस न थोडी," रुखमा म्हणाली.

"नाई, आत्याबाई. तुमी बसा." रिना दावं हातात धरून, रस्त्याकडे पाहत उभीच राहिली.