खोक्यावरचा हजार

खोक्यावर हजार लिहिलं होतं. बोटभर उंचीच्या निळ्या आकड्यांत. आपेनिसाने ते खोकं ऑफिसच्या मधोमध टेबलावर ठेवलं आणि नवी गाडी घेतलेला माणूस मारतो तशी त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

सुव्याच्या बंदरावर, वालू बेमध्ये, बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या माडीवर त्याचं ऑफिस. सव्वीस बायका कानाला हेडफोन लावून बसायच्या आणि ब्रिस्बेनच्या एका एअरकंडिशनर कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून घ्यायच्या. खाली हातोडे, वर गोड आवाज. तिथल्या तारा, फोन, संगणक सांभाळायचं काम तितीलियाचं. एक्कावन्न वर्षांची, तारा ओढण्यात अर्धं आयुष्य गेलेली बाई. आपेनिसा मालक खरा, पण तिच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. आमच्याकडे आते-मामे भावंडांनी एकमेकांची चारचौघांत अब्रू काढायचीच असते. नाही काढली तर लोक विचारतात, भांडलात की काय?

"बघ, हजार!" आपेनिसा म्हणाला. "आहे का तुझ्या बापजन्मात पाहिलेला?"

"लग्नाच्या फोटोत तू बारीक दिसतोस," तितीलिया म्हणाली. "म्हणून तुला कुणी छोट्या होडीत बसवतं का?"

बायका खिदळल्या. तितीलियाने खोकं उघडून राउटर हातात घेतला, उलटा केला, पालथा केला. आकाराने जेवणाच्या डब्याएवढा.

"हे ऐक आता. हा हजाराचा वेग मोकळ्या अंगाने पळतानाचा आहे. काही तपासायचं नाही, कशाला कुलूप नाही, नुसतं इकडून घ्यायचं आणि तिकडे ढकलायचं, तर हजार. ब्रिस्बेनवाल्यांना एक मार्चपासून सगळं कुलूपबंद हवंय. प्रत्येकीचं बोलणं, प्रत्येकीची स्क्रीन, सगळं रेकॉर्ड होऊन त्याच क्षणी तिकडे जायला हवंय. म्हणजे या डब्याने प्रत्येक गोष्ट पेटीत भरायची, कुलूप लावायचं, मग पाठवायची. एवढं करताना तो साठ देईल. साठच. वीस जणी बसतील. एकविसावी बसली की सगळ्यांचे आवाज तुटायला लागतील."

"साठ?" आपेनिसाने कपाळावर हात मारला. "ऐकलंत का ग? हजारातले साठ! म्हणजे हिच्या नवऱ्याचा पगार बोटीवरून घरी पोचतो तसंच झालं की!"

सगळं ऑफिस हसलं. तितीलियासुद्धा हसली. तिने हसायला नको होतं, हे तिला पुढे रोज रात्री अंथरुणावर पडल्यावर कळत राहिलं.

"मी थट्टा करत नाहीये रे."

"थट्टा करत नाही म्हणतेस ना, तेव्हाच तू सगळ्यात जास्त करतेस. चढव तो भिंतीवर."

तिने चढवला. कागदावर लिहून द्यावं असं तिच्या मनात आलं होतं, नाही असं नाही. पण आतेभावाला अर्ज कोण लिहितं? त्याने तो सूचनाफलकावर लावला असता आणि महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवला असता. मनातलं तिने दुसरीकडे लिहिलं आणि ती कामाला लागली.

एक मार्चला सकाळी सगळं सुरळीत होतं. साडेदहाला उशिराच्या पाळीच्या बायका आल्या, आपापल्या खुर्च्यांवर बसल्या, आणि एकविसाव्या खुर्चीवर वासिती बसली तशी तिच्या कानातली म्हातारी अर्धं वाक्य बोलून गायब झाली. मग शेजारणीचं गिऱ्हाईक. मग रांगच्या रांग. तिकडे क्वीन्सलंडच्या उकाड्यात बंद पडलेल्या यंत्रासमोर घाम पुसत बसलेली माणसं आणि इकडे "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का" म्हणणाऱ्या सव्वीस बायका. शिव्या मात्र स्पष्ट ऐकू येत होत्या.

"भिंतीवरचा डबा," तितीलिया म्हणाली.

आपेनिसाने बायकांचे मोबाइल गोळा करून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कोंडले. म्हणे, या रग्बी बघतात आणि इंटरनेट खातात. फरक पडला नाही. मग त्याने लाइन देणाऱ्या कंपनीला झोडपलं. मग पावसाला. तितीलियाने सहा जणींना तासभर जिन्यात बसवून दाखवलं, की बघ, वीसच जणी असल्या की आवाज कसा घंटेसारखा येतो. त्यावर तो म्हणाला, "ब्रिस्बेनवाले खुर्च्या मोजून काम देतात, जिन्यातल्या बायका मोजून नाही." आणि रविवारी चर्च बुडवून, रिकाम्या ऑफिसात, ब्रिस्बेनची कुलूपबंद वाट वगळून नुसत्या मोकळ्या वाटेने त्याने स्वतः वेग मोजला. नऊशे चाळीस. तो कागद छापून त्याने राउटरच्या खाली चिकटवला. सोमवारी त्या कागदाखालीच सगळ्यांचे आवाज तुटत होते.

तिसऱ्या आठवड्यात ब्रिस्बेनहून पत्र आलं. काय बिघडलं आणि जबाबदार कोण, शुक्रवारपर्यंत लेखी कळवा, नाहीतर काम दुसरीकडे देतो.

शुक्रवारी दुपारी आपेनिसाने तितीलियाला आत बोलावलं आणि दार लावलं. तो तिला काहीच टोचून बोलला नाही, तेव्हाच ती ओळखून चुकली.

"मी लिहिलंय, की जोडणी करताना आमच्या नेटवर्कच्या बाईची चूक झाली. तिला काढलंय."

"माझी चूक?"

"सव्वीस घरं आहेत, तितीलिया. तू एकटी आहेस. कुणाचं तरी नाव द्यायलाच हवं होतं."

"तुझं द्यायचं. डबा तू आणलास. मी तुला सांगितलं होतं."

"कधी?"

"सगळ्यांसमोर. खोकं उघडलं तेव्हा."

"ते?" तो खरंच चकित झाला. त्यात नाटक नव्हतं, म्हणून तिला जास्त राग आला. "ते तू थट्टेत म्हणालीस. विचार कुणालाही."

तिने दार उघडून विचारलं. वासितीने मान खाली घातली. "म्हणाली होतीस गं," ती पुटपुटली, "पण तू हसत होतीस ना." बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांना तरी काय दोष द्यायचा? त्यांनी पाहिलं तेच त्या सांगत होत्या.

त्याच दुपारी तिच्याकडून किल्ली घेतली, ओळखपत्र घेतलं, ऑफिसचा कपसुद्धा घेतला. पिशवी बघून मगच तिला जिना उतरू दिला.

असली ऑफिसं सुव्यात चार. चारही ठिकाणची गिऱ्हाइकं त्याच दोन-तीन शहरांतली, आणि माणूस घेण्याआधी ती एकमेकांना विचारतात. पहिल्या ठिकाणी तिला कळवतो म्हणाले. दुसऱ्या ठिकाणची बाई भली होती, तिने चहा दिला आणि खरं सांगितलं: "ब्रिस्बेनच्या कागदावर तुमचं नाव आहे. तुमच्यामुळे तीन आठवडे काम बुडालं असं लिहिलंय. तो कागद आहे तोवर मी काय करणार?"

तेव्हापासून तितीलियाला एकच गोष्ट हवी होती. नोकरी नको, पैसे नकोत, पाया पडणं नको. आपेनिसाच्या सहीची एक ओळ: हिने मला आधी सांगितलं होतं. तिने ती स्वतः टाइप केली, चर्चच्या ऑफिसात छापून घेतली आणि बायबलमध्ये सपाट ठेवली.

पुढे ब्रिस्बेनचा माणूस विमानाने आला. त्याने भिंतीवरच्या डब्याकडे बघितलं, खिशातून मोबाइल काढला, बनवणाऱ्यांचं माहितीपत्रक उघडलं आणि शेवटच्या पानावरची बारीक अक्षरं आपेनिसाला वाचून दाखवली. कुलूप लावून साठ. एकूण वीस मिनिटं लागली. त्याने मोठा राउटर ऑकलंडहून मागवला आणि स्वतःच्या ओळखीचा एक माणूस तितीलियाच्या खुर्चीवर बसवला. कागदावरचं तिचं नाव मात्र तसंच राहिलं. हे तिला वासितीने बाजारात कसाव्याच्या ढिगाआड सांगितलं, आणि सांगताना रडली. रडायला काय जातं?

त्या शनिवारी दुपारी आपेनिसा आला. एकटा नाही, रीतसर. बरोबर त्याचा काका, काकाच्या हातात देवमाशाचा दात, मागे यंगोनाच्या, कुटून पाण्यात कालवून प्यायच्या, मुळांची जुडी. माफी मागायला आला होता. बुलुबुलु. या शब्दाचा अर्थच पुरणं. झालेलं पुरायचं, वर माती लोटायची. समोरच्यांनी दात घेतला की पुरलं.

दात घ्यायचा की नाही हे तितीलियाने ठरवायचं नव्हतं. ते घरातल्या कर्त्या पुरुषाचं काम. कर्ता म्हणजे तिचा थोरला भाऊ इलायतिया. आमच्याकडे आतेभावाशी काहीही बोलता येतं आणि सख्ख्या भावाशी जवळजवळ काहीच नाही. थट्टा नाही, वाद नाही, नजरेला नजर नाही. तितीलियाच्या नशिबात हे दोघे आले होते. एकाशी बोलायचं नाही, आणि दुसऱ्याशी बोललेलं कुणी मोजत नाही.

काका दाराजवळ चटईवर बसून दोन्ही हातांत दात धरून हळू आवाजात बोलत होता. आमच्या मुलाने चूक केली, तुमच्या लेकीला दुखवलं, तो या घरचा भाचा आहे, पदरात घ्या. आपेनिसा खाली मान घालून बसला होता. डोळ्यांत पाणी होतं. खरं होतं की खोटं, देव जाणे. मला विचाराल तर खरं होतं.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसलेल्या तितीलियाने कागद मांडीवर काढला आणि वहिनीच्या कानाशी लागली. "दादांना सांग, आधी यावर सही घ्या. मग दात घ्या."

वहिनी गुडघ्यांवर सरकत नवऱ्यापाशी गेली, काहीतरी कुजबुजली. इलायतियाने कागद हातात घेतला, उघडलासुद्धा नाही. आपल्या चटईखाली सरकवला.

"माफीला अट घालत नाहीत," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. बहिणीकडे बघितलं नाही.

मग त्याने दात घेतला. ओंजळीच्या घुमणाऱ्या टाळ्या वाजल्या. पुरलं गेलं.

यंगोना कालवला, पहिली वाटी फिरली, तशी आपेनिसाची पाठ सरळ झाली आणि जीभ सैल सुटली. तासाभरात तो जुना आपेनिसा झाला. "बरं का तितीलिया," त्याने खोलीपलीकडून हाक मारली, "तुझ्याशिवाय ऑफिसात अगदी शांत वाटतं बघ. काल तर मला माझेच विचार ऐकू आले."

"असतात का?" तिच्या तोंडून सवयीने निघून गेलं, आणि माणसं हसली. तिला स्वतःची जीभ चावावीशी वाटली.

"ते जाऊ दे. एक काम होतं." त्याने मोबाइल काढला. "त्या जुन्या डब्याचा पासवर्ड. नवा माणूस आत जाऊ शकत नाहीये. ब्रिस्बेनच्या सगळ्या जोडण्या आहेत त्यात, नव्या डब्यात उतरवायच्या आहेत. तो आज शनिवारीही तिथेच बसलाय, बिचारा. तू गेलीस त्या दिवशी विचारायचं राहूनच गेलं."

किल्ली आठवली होती, कप आठवला होता. दात, मुळं, काका, डोळ्यांतलं पाणी, आणि आता हे. दोन्ही गोष्टी एकाच खेपेत उरकायला निघालेल्या माणसाचं तिला काही नवल वाटलं नाही. नुसती शिसारी आली.

"सही कर," ती म्हणाली. "मग सांगते."

इलायतियाने वाटी खाली ठेवली. तिच्या डोक्यावरून पलीकडे, भिंतीकडे बघत तो म्हणाला, "या घराने दात घेतलाय."

बस, एवढंच. मोठ्या आवाजात नाही. पण त्यानंतर तिने नाही म्हटलं असतं तर ते आपेनिसाला नसतं, भावाला असतं, वडिलांच्या नावाला असतं.

"लिहून घे," तितीलिया म्हणाली. "ओ, एन, ओ. एस, ए, जी, ए. व्ही, यू, एल, यू. जी, ए."

आपेनिसाचा अंगठा एकेक अक्षर दाबत होता.

"पुढे आकडे. एक, नऊ. शून्य, दोन."

अंगठा थांबला. त्याने ते ओठांत वाचलं, मग आवाजात वाचलं. ओनोसांगावुलुंगा. आमच्या भाषेत, फक्त साठ. आणि पुढे एकोणीस फेब्रुवारी, डबा भिंतीवर चढला तो दिवस. तिने सांगितलं होतं याचा लिहिलेला पुरावा एवढाच होता जगात, आणि तो त्याच्या तळहातावर होता. आपेनिसाने मान वर करून तिच्याकडे बघितलं. क्षणभर त्याला सगळं कळलं. ते तिने स्पष्ट पाहिलं, आणि तिला वाटलं, आता हा उठेल, चटईखालचा कागद मागून घेईल.

त्याने मांडीवर जोरात थाप मारली.

"अरे देवा, ही बाई! डब्याच्या पोटातसुद्धा माझी थट्टा करून आली!"

घर हसण्याने भरून गेलं. काका खोकला येईपर्यंत हसला. वहिनीने पदर तोंडाला लावावा तसा हात लावला. आपेनिसाने डोळे पुसत नव्या माणसाला फोन लावला आणि अक्षरं वाचून दाखवली.

"उघडलं? छान. अर्थ? अर्थबिर्थ काही नाही रे, आमच्या घरातला विनोद आहे. आता पहिलं काम कर, तो बदलून टाक."

वाटी फिरत तितीलियापर्यंत आली. तिने ओंजळीने एक टाळी वाजवली, रीतीप्रमाणे, आणि वाटी रिकामी केली. ती खाली ठेवेपर्यंत आपेनिसाच्या मोबाइलवर निरोप आला होता. बदलला.