शेवटचं कडवं

साहेब, तुम्ही केसरबाईला भर सभेत मुकी केलीत. आणि वर तिच्याच गळ्यात हार घातलात.

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. जाळी चेपलेली, मानेला चिकटपट्टी. धुळ्याच्या एका दुकानातून भाईदासने मला आणलं. तो ढोलकी वाजवायचा, बायको केसरबाई गायची. भीमजयंती आली की दीपनगर, नशिराबाद, जिथून बोलावणं येईल तिथं आमची गायनपार्टी टेम्पोत बसून जायची. केसरबाईचा आवाज खरखरीत, पण थेट पोटातून यायचा. ऐकताना बाया पदराने डोळे पुसायच्या. बाकीचे गाणारे चिडवायचे, "आक्का, तुला माईक कशाला लागतो गं?" मला राग यायचा, पण खोटं नव्हतं ते.

गाणी ती स्वतः रचायची. गायनपार्टीची रीत अशी, की पहिलं कडवं बाबासाहेबांचं, मधली वस्तीच्या सुखदुःखाची आणि अगदी शेवटी रचणाऱ्याचं नाव-गाव. तिच्या एका गाण्याची कॅसेट निघाली, तेव्हा कॅसेटवाल्याने जागा पुरत नाही म्हणून ते शेवटचंच उडवलं. गाणं खानदेशभर वाजलं. बाई कुणाला कळली नाही.

रावेरला केळीच्या ट्रकवर तेच गाणं लागलं होतं. केसरबाईने ड्रायव्हरला विचारलं, "कोन गाई राहिनी रे भाऊ?"

"काय माहीत! असंल कोनी जुनी बाई. मेली बी असंल."

"अजून तं जित्ती शे," ती म्हणाली. भाईदास पोट धरून हसला. ती हसली नाही.

पुढे भाईदास गेला, पार्टी मोडली. मी पेटीत पडून राहिलो. केसरबाईचा गळा बसत चालला. एका गाण्यापुरता दम उरला. तेवढ्यात जळगावच्या महोत्सवाला तुमचं बोलावणं आलं, साहेब. ती हट्टाला पेटली, "मी मन्हा माईकवरच गासू. एकदा तरी लोकेस्ले मन्हं नाव ऐकू येवो."

ती गायली. शेवटच्या कडव्याला तिने श्वास घेतला, तसा तुम्ही हात केलात. पाहुण्यांच्या भाषणाला उशीर होत होता. तुमच्या माणसाने माझी वायर उपटली. तिचे ओठ हलत राहिले, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर मुलगी शिल्पा संतापली. "आई, नाव पहिल्याच कडव्यात घाल ना! मग कापू देत काय कापायचं ते."

"बाबासाहेबना आगोदर मन्हं नाव? येडी शे का तू?" एवढं म्हणून केसरबाई भिंतीकडे तोंड करून निजली. त्यानंतर ती गायलेली नाही.

मित्रांनो, गाणं आवडलं तर अर्ध्यावर उठू नका. गाणारीचं नाव विचारा. मी थकलोय, माझं काय, भंगारात जाईन. पण साहेब, रीत पाळणाऱ्या बाईने तुमच्याकडे एका कडव्यापेक्षा आणखी किती वेळ मागितला असता? बोला, माईक तर तुमच्याच हातात आहे.