भोंग्याची कुजबुज

“वनस्पती आपलं अन्न पानांमध्ये तयार करतात,” भिंग उभी राहून खणखणीत आवाजात वाचत होती, “आणि आता बाई शिंकणार.”

बाई खरंच शिंकल्या.

अख्खा वर्ग हसून लोटपोट झाला. भिंगच्या शेजारी बसलेल्या भोंग्याने मात्र जीभ चावली. फळ्यावरची ओळ तिनेच भिंगच्या कानात सांगितली होती आणि शिंकेची बातमीही तिचीच.

दोघींची ही नावं वर्गाने ठेवलेली. भोंग्याचा आवाज एवढा, की आई म्हणायची, “हळू बोल गं, आपल्या घरात काय शिजतंय ते गल्लीला कळतं.” असल्या मुलीने कुजबुजायला शिकून घेतलं होतं, ते फक्त भिंगसाठी. भिंगच्या चष्म्याच्या काचा बरणीच्या बुडासारख्या. तरी तिला फळा म्हणजे नुसता काळा ढग. डॉक्टर म्हणाले होते, आता नंबर वाढवून उपयोग नाही. एकदा ती ट्रकखाली येता येता वाचली, तेव्हापासून तिच्या बाबांनी बजावून ठेवलं होतं, फळा दिसेनासा झाला की शाळा बंद.

म्हणून भोंगा रोज तिला फळा सांगायची. सांगता सांगता मध्येच खिडकीतल्या चिमणीचं भांडण, पुढच्या बाकावरच्या मुलीची डुलकी, असलं काहीबाही घुसडायची. “नुसता धडा नको गं, सगळं सांग,” हा भिंगचाच हट्ट. मग दोघी तोंडात रुमाल कोंबून हसायच्या. शाळा सुटूच नये असं वाटायचं.

“भोंगा, शेवटच्या बाकावर!” बाई नाक पुसत म्हणाल्या. “आणि तू गं, पुढची ओळ वाच.”

भोंगा पाय ओढत मागे गेली. भिंग फळ्याकडे तोंड करून उभी. ओठ हलत होते, शब्द नव्हता.

“सूर्यप्रकाशाच्या मदतीने!” भोंगा मागून ओरडलीच.

“तू गप्प! तिला वाचू दे.”

“बाई,” भिंग हळूच म्हणाली, “मला दिसत नाही. मघाशीही दिसत नव्हतं.”

बाईंनी तिला जवळ घेतलं, डोळ्यांसमोर बोटं धरली, आणि मग घरी निरोप धाडला.

तिचे बाबा गॅरेजमधून तसेच आले, हाताला ग्रीस. भोंगा दारातच आडवी आली.

“काका, मी घ्यायला येईन, सोडायला येईन. हात सोडणार नाही, आईशप्पथ!”

“किती दिवस, बाळा?”

“कायम!”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. “रस्त्यात तिला काही झालं,” ते म्हणाले, “तर तू काय करशील गं?”

भोंगा दारातून बाजूला झाली.

“अशा मुलांसाठी वेगळी शाळा असते,” बाई म्हणाल्या. “मी चौकशी करते.”

“बघू,” म्हणत बाबांनी दप्तर उचललं. नाही म्हणायचं असलं की मोठी माणसं असंच म्हणतात.

“बाबा, थांबा ना. माझी ओळ राहिलीये.”

बाकांच्या कडा चाचपत भिंग फळ्यापाशी गेली. पार नाक टेकवलं. “सूर्य... प्रकाशाच्या... मदतीने...” अक्षरांबरोबर ती एकेक पाऊल सरकत होती. ओळ संपली की भिंतीला हात लावत पुन्हा डाव्या टोकाला यायची.

एका शब्दावर अडली. सगळा वर्ग भोंग्याकडे वळला. शब्द तिच्या जिभेवर होता. तिने ओठ दाताखाली घट्ट धरले.

भिंगने चष्मा काढला, पुसला, परत लावला. “ह... हरित... द्रव्य.”

अजून तीन ओळी होत्या. बाबा दप्तर खांद्याला लावून दारात उभे राहिले.