बारावा करडा

सोमवारी सकाळी ऑपरेशन झालेल्या डाव्या डोळ्याची पट्टी निघाली, आणि भिंतीवरचे आपणच रंगवलेले अकरा कागद बघून धाकटी किंचाळायचीच बाकी राहिली. सगळे निळे! चांगले ढळढळीत निळे. सहा वर्षं खपून, एकावर एक अठरा पातळ हात देऊन तिनं जो करडा साधला होता, त्याचा पत्ताच नव्हता. मोतीबिंदूनं डोळ्यातलं भिंग पिवळं पडलं की ते निळा गिळतं म्हणे, आणि ही बया तो ओततच राहिली. समीक्षक मेले 'धाडसी निळा' असं लिहायचे, तेव्हा ती म्हणायची, यांना डोळे नाहीत.

थोरली बहीण पलीकडे शिवणयंत्रावर बसली होती. चाळीस वर्षं कापडाला दोरा जुळवलेली बाई, तिच्या नजरेतून रंग सुटणं शक्यच नव्हतं. दिसत होतं तर बोलली का नाहीस, म्हणून धाकटीनं तिला फैलावर घेतलं.

"तू निळ्याला करडा म्हणायचीस. मला वाटलं, हीच तुमची मॉडर्न आर्ट," थोरली शांतपणे म्हणाली.

धाकटीनं नवा डोळा हातानं झाकला. उजव्या, जुन्या डोळ्याला कागद अजून तस्सेच करडे आणि सुंदर दिसत होते. मालिका बारांची होती, बारावा कागद कोरा होता, आणि गुरुवारी याही डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. मग तो करडा जगात कुणालाच दिसणार नव्हता, तिलासुद्धा. तिला रडूच कोसळलं.

ऑपरेशन पुढे ढकलायला थोरलीनं साफ नकार दिला, कारण त्याच डोळ्यापायी धाकटी परवा जिन्यात आपटली होती. पण नव्या डोळ्यावर लावायला दवाखान्यातून मिळालेल्या प्लास्टिकच्या वाटीला तिनंच काळं कापड शिवून दिलं, म्हणजे रंगवताना फक्त जुनाच डोळा बघेल, आणि हेअर ड्रायर घेऊन शेजारी उभी राहिली. एरवी एक हात वाळायला दिवस जायचा, आता तीन दिवसांत अठरा. धाकटी ब्रश फिरवायची, थोरली वारा घालायची आणि निळ्यावर निळाच चढतोय म्हणून पुटपुटायची. धाकटी तिला गप्प बसवायची.

बुधवारी दुपारी अठरावा हात वाळला. बारावा कागद रांगेत लागला, आणि धाकटी संध्याकाळपर्यंत त्याच्यासमोरून हलली नाही. थोरलीनं तिचा चहा तिथंच आणून दिला.

गुरुवारी डोळ्यात भुलीचे थेंब घालताना डॉक्टरांनी विचारलं, भीती वाटते का.

"भीती कसली?" धाकटी म्हणाली. "भिंग तेवढं जपून काढा, डॉक्टर. माझा करडा त्यात आहे."