खिशातल्या पिराक्का

राइमोला गव्हाची बाधा होती, आणि इर्मेलीला पिराक्का करायची हौस. दर शनिवारी ती राय धान्याच्या पातळ पारीत दुधातला मऊ भात भरून भाजायची आणि कॉफीबरोबर त्याच्यापुढे ठेवायची. रायही त्याला गव्हाइतकीच वैरीण. तसं सांगितलं असतं तर प्रश्नच मिटला असता. पण फिनलंडातल्या टाम्पेरेचा माणूस गोठलेल्या तळ्यात बुडी मारेल, स्वतःहून तोंड उघडणार नाही. शिवाय राइमोला तिला मागणी घालायची होती. जिच्या हातचं खाता येत नाही, तिला कुठल्या तोंडाने विचारायचं? मग तिची पाठ वळली की पिराक्का कोटाच्या खिशात, आणि जिन्यात शेजाऱ्याच्या कुत्र्याच्या पोटात.

एवढ्यात दवाखान्यात नव्या गोळीची चाचणी निघाली. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना खोटी. कुणाला कुठली, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. सोबत रोज चिमूटभर गव्हाचं एक बिस्कीट. राइमोच्या पोटाने हूं की चूं केलं नाही. गोळी खरीच, असं त्याने स्वतःच ठरवलं आणि शनिवारी ताटलीभर पिराक्का फस्त केल्या. इर्मेली बघतच राहिली. त्याने मागणी घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात पोटात कळ आली आणि तो पळाला.

"अहो, गोळी खरी असली तरी चुकून पोटात गेलेल्या कणापुरती," दवाखान्यात नर्स म्हणाली. "छत्री दिली म्हणून तळ्यात उडी मारायची का? पथ्य सोडायला कुणी सांगितलं होतं?"

खाली मान घालून तो बाहेर आला. बाकावर इर्मेली बसली होती. हातात त्याच चाचणीच्या गोळ्यांची बाटली.

"तुम्हालाही?"

"लहानपणापासून."

"मग त्या पिराक्का?"

"तुमच्यासाठी. तोंडाला फडकं बांधून लाटते. मला कधी खाताना पाहिलंत?"

नव्हतं पाहिलं. त्याचं सगळं लक्ष खिशात. शेवटी त्याने कुत्र्याचंही कबूल केलं.

"तरीच," इर्मेली म्हणाली, "त्याला हल्ली जिना चढवत नाही."

पुढच्या शनिवारी पारी नव्हती. दोन वाडग्यांत नुसता दुधातला भात, वर लोण्यात कुस्करलेलं अंडं. राइमोने वाडगा पुन्हा पुढे केला आणि त्याच दमात विचारून टाकलं.

इर्मेलीने आधी भात वाढला.

"करू या लग्न," ती म्हणाली. "पण तो कोट आधी धुवायला टाका."