पुरुषांच्या बाजूची बाकं

शेवटचा बाक, बायकांची बाजू

आई इथं बसते. दाराला लागून, म्हणजे उपासना संपायच्या आत कुणाशी न बोलता उठून जाता येतं. वडील मंचरला दुसरा संसार थाटून राहिले तेव्हा मी बालवाडीत होते. त्याच्या पुढच्याच रविवारी आई बायकांचा पहिला बाक सोडून इथं आली. कुणी तिला उठवलं नव्हतं. नंतर कुणी परत बोलावलंही नाही.

माझं लग्न याच चर्चमध्ये आहे, जुन्नरला. मला या बाकापासून वेदीपर्यंत आईबरोबर चालत जायचंय.
शेजारीशेजारी.
एवढंच.

वाट

डावीकडे बायका. उजवीकडे पुरुष. मध्ये वाट.

वाट म्हणजे एक माणूस मावेल एवढी, तोही जेवायच्या आधीचा.

कारण ही बाकं आमच्या चर्चसाठी केलेलीच नाहीत. कुठल्याशा बंद पडलेल्या शाळेच्या सभागृहातून ती टेम्पोत घालून आणली. उतरवल्यावर कळलं, लांब आहेत. टोकं कापायची, तर ज्यांनी आणायचा खर्च केला त्यांची नावं टोकांवर आधीच रंगवून झाली होती. नाव कुणी कापू देईना. मग बाकं दोन्हीकडून भिंतीला भिडवली आणि मध्ये जी फट उरली तिला वाट म्हणायचं ठरलं. तेव्हापासून आमच्याकडची नवरी अशी येते:

पुढं
बाप.
मागं
मुलगी.

बापाच्या कोटाची शिवण बघत. आता तर लोकांना वाटतं, हे पवित्र शास्त्रातच लिहिलंय.

तिसरा बाक, पुरुषांची बाजू

इथं बाळासाहेब बसतात. कमिटीतले. लग्नाआधी तालीम ठेवली होती, तेव्हा बाकाच्या टोकावर, स्वतःच्या नावावर, हात ठेवून ते उभे राहिले.

"शांतवनला फोन केलाय मी," ते म्हणाले. शांतवन म्हणजे माझे वडील. "येतो म्हणालाय. सूट शिवलाय त्यानं."

"मी नाही बोलावलं त्यांना."

"बाप जिवंत असताना मुलगी एकटी येते का?"

"एकटी कुठं? आई आहे."

"अगं, वाट बघ की जरा. दोघी मावणार कशा? तुझी साडी, तिची साडी. मध्येच अडकलात तर आम्ही उपसून काढायचं का?"

मागं कुणीतरी हसलं. आईही हसली, तोंडाला पदर लावून. तिचं हसणं मला जास्त लागलं.

"बाकं सरकवू," मी म्हटलं.

"कुठं? भिंतीत?"

कोणत्याच बाकावर नाही

आदेश निमगाव सावाचा, हिंदू घरातला. आमचं लग्न चर्चमध्ये लावायला पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, वरून परवानगी आणली होती. आदेशचे वडील हौशीराम त्या दिवशी जागा बघायला आले होते. बाकावर बसून त्यांनी पाय वर घ्यायचा प्रयत्न केला, जमलं नाही, उतरले.

"ह्याच्यावर मांडी घालता येत न्हाई," ते म्हणाले. "आमची माणसं बसायची कशी? अन् येणार लई हायेत. बाकं काढा की. जाजम टाकू."

मी वाटेकडे बघितलं.

"सगळी नको, मामा," मी म्हटलं. "एका बाजूची काढली तरी वाट होते."

"मग बायकांकडची काढा," बाळासाहेब लगेच म्हणाले. "बायकांना सवय असते खाली बसायची."

तेवढ्यात आई बोलली. अख्ख्या तालमीत ती एकदाच बोलली.

"बायका खाली अन् पुरुष वर? मंग म्या भाईरच बसते."

"ठरलं," मी म्हटलं. "पुरुषांकडची."

"परवानगी कुणाची?" बाळासाहेब.

"पाळकसाहेबांना विचारते."

विचारलं. पाळकसाहेब भला माणूस, पण कमिटीला वचकून. खूप वेळ चष्मा पुसून ते म्हणाले, "हे बघ नूतन, मी लग्नाच्या दिवशी थेट उपासनेच्या वेळेला येणार. त्याआधी इथं काय होतं, मला काय माहीत?"

मी ते परवानगीत धरलं.

घरी, चुलीपाशी

"मला पुढं न्यू नको," आई म्हणाली. ती भाकरी थापत होती. "त्या दाराशी मला बरं वाटतं."

"तिथं तुला बरं वाटत नाही. तिथं तुला कुणी बघत नाही."

"त्येच बरं."

"मग मीही दारातच थांबते. तू उठेपर्यंत."

"लोक खोळंबतील."

"खोळंबू देत."

"हट्ट लई तुझा. बापावर गेलीस."

"त्यांच्यावर गेले असते तर मंचरला असते."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, जरा जोरातच. हो म्हणाली नाही.

पुरुषांची बाजू, लग्नाची सकाळ

निमगावची पोरं पिकअप घेऊन आली. बाकं एकेक करून बाहेर. अंगणात चिंचेखाली रांग लागली. बाळासाहेबांचा बाक उचलला तेव्हा ते स्वतः त्याच्याबरोबर दारापर्यंत चालत गेले.

"नाव खरवडलं जाईल."

"पावणं, नावाला कापड गुंडाळतो," हौशीराम म्हणाले. "पर बाक भाईर जाणार."

जाजम अंथरलं. लाल-निळ्या पट्ट्यांचं, निमगावच्या भजनी मंडळाकडून आणलेलं. आमच्या मंडळीतले पुरुष दारात चपला काढून, पँटी वर ओढत, पाहुण्यांच्या मांडीला मांडी लावून बसले. बाळासाहेबांचे गुडघे वाकेनात. त्यांना बायकांच्या पहिल्या बाकावर बसवलं. ते तिथं मांडीवर हात घेऊन, कुणाकडेही न बघता बसले होते.

बायकांच्या बाजूला नेहमीसारखंच. शेवटच्या बाकावर आई.

दार

पेटी सुरू झाली. आदेश वेदीपाशी उभा. मी दारात, अनवाणी, पांढऱ्या साडीत. वाट आता बैलगाडी जाईल एवढी रुंद.

गीताचं पहिलं कडवं संपलं. मी हलले नाही.

दुसरं संपलं. पेटीवाल्यानं माझ्याकडे बघितलं आणि परत पहिलं धरलं. माना वळायला लागल्या. आई हातातल्या रुमालाची घडी घालत होती, मोडत होती.

"अगं जा," ती पुटपुटली.

"नाही."

"नूतन, जा म्हणते ना."

पाय दुखेपर्यंत उभं राहायची माझी तयारी होती.

मागून अत्तराचा वास आला. वडील. राखाडी सूट, नाडीचे चकचकीत बूट. इतक्या वर्षांनी ते मला पहिलं वाक्य हे बोलले:

"चल बाळा, उशीर झालाय."

आणि कोपर पुढं केलं. आत बाळासाहेबांनी मान हलवली, जा म्हणून.

आई उठली.

बाकाची कड धरून, हळू. बाहेर आली आणि आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. घरात पाहुणा आला की जसं सांगतात, तसं तिनं त्यांना सांगितलं:

"बूट काढा. आत जाजम हाये."

जाजमावरचे सगळे पुरुष बघत होते. सगळे अनवाणी. वडील वाकले. सूट नवा, घट्ट. नाडीची गाठ ओली की काय, सुटेना.

आईनं पदर खोचला. माझा हात धरला.

आई          मी
आई          मी
आई          मी

कुणाचीच साडी कुठंच अडकली नाही. हौशीराममामांनी जाजमावरून पाय जरा आत घेतला, तेही उगाच. जागा भरपूर होती.

वेदीपाशी आईनं माझा हात सोडला. आता ती मागं जाईल असं मला वाटलं, मंडळीलाही वाटलं असणार. लांब दारात वडील एक बूट हातात घेऊन उभे होते. आई मागं वळली नाही. ती डावीकडे गेली, बायकांच्या पहिल्या बाकाशी थांबली आणि बाळासाहेबांना म्हणाली,

"भाऊ, सरका."