पदर डाव्या खांद्यावर

कमलाकरांनी स्लाइड छोट्या यंत्रात सरकवली, यंत्र डोळ्याला लावलं आणि बटण दाबलं. आतला दिवा लागला. जुन्या मठातली चित्रांनी भरलेली भिंत उजळली, आणि भिंतीपुढे श्यामला उभी राहिली.

काहीतरी चुकत होतं. त्यांनी स्लाइड बाहेर काढून पुठ्ठ्याच्या चौकटीवरचं श्यामलाचं अक्षर पाहिलं. गावाचं नाव, साल, सगळं सरळ वाचता येत होतं. स्लाइड बरोबर घातली होती. त्यांनी पुन्हा यंत्र डोळ्याला लावलं. श्यामलाचा पदर डाव्या खांद्यावर होता, जन्मभर होता तिथेच. मग शेजारचा टॅब्लेट उघडला. मुलानं, पुष्करनं, नाताळच्या सुट्टीत स्कॅन करून दिलेल्या त्याच फोटोत पदर उजव्या खांद्यावर होता.

स्कॅन उलटा झाला होता. नुसता पदरच नव्हे, सगळी भिंतच उलटी. बायबलमधल्या योनाला गिळणारा अवाढव्य मासा खरा डावीकडे, दाराच्या बाजूला होता, आणि वादळात सापडलेली होडी उजवीकडे, वेदीजवळ. फोटोत दार किंवा वेदी येत नव्हती, म्हणून चूक कळली नव्हती. सहा महिने दर शनिवारी त्यांनी नातीला नेमकं उलटं शिकवलं होतं. सहा महिने ते बोट ठेवून मासा दाखवत राहिले आणि माशाशेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे त्यांनी एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

ब्रिस्टलच्या त्या शांत घरात ते एकटेच हसले.

कारण ती नात, सिया, आज त्याच मुलखात होती. इटलीतल्या टस्कनीच्या टेकडीवरचा तो जुना मठ, आठशे वर्षांचा. चावी समोरच्या घरातल्या बाईकडे मागायची. आत मिट्ट काळोख. दाराशी एक पेटी, तिच्यात नाणं टाकलं की दोन मिनिटं दिवे लागतात आणि खटकन विझतात. त्या दोन मिनिटांत काय काय पाहायचं हे त्यांनी सियाकडून घोकून घेतलं होतं. चावी इटालियनमध्ये कशी मागायची तेसुद्धा. आता दिवे लागतील, मासा भलत्याच बाजूला दिसेल, आणि दहा वर्षांची पोर फोन करून ओरडेल, "आजोबा, तुम्ही चुकलात!"

एकतीस वर्षं त्यांनी इथल्या शाळेत इतिहास शिकवला होता. वर्गातल्या एखाद्या मुलानं मास्तरांची चूक पकडली की त्या दिवशी घरी येताना ते श्यामलासाठी केक आणत.

खरं तर त्यांचंही तिकीट काढलं होतं. मे महिन्यात चैत्रालीनं, त्यांच्या सुनेनं, विषय काढला. "अहो बाबा, तिथे सगळ्या पायऱ्याच पायऱ्या. तुमचा गुडघा. आणि तुम्ही बसून राहणार म्हटल्यावर आम्हालाही गिल्टी वाटणार ना." त्या तिकिटावर चैत्रालीची बहीण वरदा गेली. जाताना पुष्कर म्हणाला, "बाबा, डोन्ट वरी. सिया बघेल ना तुमच्यासाठी. सगळी चर्च दाखवतो तिला."

फोन आला नाही. संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला. सियाचे केस ओले होते, मागे पोहण्याचा निळाशार तलाव.

"आज गेला होतात मठात?"

"उद्या, आजोबा."

दुसऱ्या दिवशीही उद्याच होतं. कमलाकर फोन न्हाणीघरातही घेऊन जाऊ लागले. सहाव्या दिवशी पुष्करचा मेसेज आला. गाडीच्या काचेतून काढलेला घंटाघराचा फोटो आणि खाली: 'डन! सिया लव्ह्ड इट.' त्यांनी लगेच फोन लावला. चैत्राली म्हणाली, "झोपली हो ती. दमली खूप."

रविवारी सगळे परतले. चहा झाला, चीज आणि बिस्किटं टेबलावर आली. कमलाकरांनी सियाला जवळ बोलावलं. श्यामलाच्या हार घातलेल्या फोटोखालच्या खुर्चीत ते बसले होते.

"हं, सांग. चावी कुणी दिली?"

सियानं आधी आईकडे पाहिलं. "एक ओल्ड लेडी होती. मी म्हटलं, ला क्यावे, पेर फावोरे."

"वा! आणि नाणं?"

"टाकलं. मग लाइट्स आले. दोन मिनिटं. मग खटकन गेले."

"मासा?"

"खूप मोठा होता. उजवीकडे, वेदीच्या जवळ. आणि होडी डावीकडे, दाराकडे." धडा पाठ म्हणावा तसं तिनं एका दमात सांगितलं.

कमलाकरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा लावला.

"नीट आठव. मासा उजवीकडे?"

"हो. तुम्ही सांगितलं तसंच होतं. एक्झॅक्टली."

"बाबा, किती एक्झॅम घेणार तिची?" पुष्कर हसत म्हणाला. "सुट्टीवर गेली होती पोरगी."

"शेवटचा प्रश्न." कमलाकरांचा आवाज वर्गात असायचा तसाच होता, मऊ, थांबत थांबत येणारा. "होडीच्या खाली, कोपऱ्यात, एक झोपलेला कुत्रा आहे. तो मी तुला मुद्दाम सांगितला नव्हता. म्हटलं, बघू हिला सापडतो का."

त्या भिंतीवर कुत्रा कधीच नव्हता.

सियानं पुन्हा आईकडे पाहिलं. "हो, पाहिला ना! सो क्यूट."

"कसल्या रंगाचा?"

"ब्राउन."

"मीही पाहिला बाबा," चैत्राली चटकन म्हणाली. "मीच हिला म्हटलं, बघ गं, कसा पाय पोटाशी घेऊन झोपलाय."

"तूसुद्धा?" कमलाकरांनी मान डोलावली. "छान. दोघींचं लक्ष गेलं. शंभरपैकी शंभर."

सियाचा चेहरा फुलला. पुष्करनं बायकोकडे पाहून हलकेच डोळे मिचकावले. कमलाकरांना ते दिसलं.

त्यांनी शेजारच्या खणातून स्लाइडचं यंत्र काढलं.

"हे बक्षीस. त्याच भिंतीची मूळ स्लाइड आहे आत. आजीनं स्वतःच्या हातानं नाव लिहिलेली. डोळ्याला लाव. बटण दाब."

सियानं यंत्र डोळ्याला लावलं. दिवा लागला. खिडकीबाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं मशीन घरघरत होतं.

"आजोबा, ही उलटी टाकलीय तुम्ही."

"नाही बाळा. ही सरळ आहे."

"पण मासा लेफ्टला आहे. दाराकडे."

"हो. तिकडेच आहे तो. आठशे वर्षं. उलटा झाला होता तो आपल्या टॅब्लेटवरचा फोटो. तुझ्या बाबाकडून चुकून." त्यांनी मान वर करून फोटोकडे बोट दाखवलं. "आजीचा पदर बघ, या फोटोत कुठल्या खांद्यावर आहे. आणि आतल्या स्लाइडमध्ये बघ."

सियानं यंत्र खाली घेतलं, भिंतीवरच्या आजीकडे पाहिलं, पुन्हा यंत्र डोळ्याला लावलं. मग ते तिनं डोळ्यावरून काढलंच नाही. तिचे कान लाल होत गेले.

पुष्करनं कप बशीत ठेवला. "बाबा, ॲक्च्युअली, ते चर्च बंद होतं. आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"थांब रे. तिला बघू दे." कमलाकरांनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्यांनी नातीच्या पाठीवर हात ठेवला. ती हुंदका दाबत होती, ते हाताला कळत होतं. यंत्रातला दिवा विझला.

"बटण दाबून धर, बाळा. हं, असं. आता तो कुत्रा शोध."

"आजोबा..."

"तुझ्या आईनंही पाहिलाय म्हणते, म्हणजे असेलच," ते म्हणाले. "शोध. सावकाश. इथे दिवे दोन मिनिटांत विझत नाहीत."